जुनी फोर-बाय-फोर घेताय? शनिवार-रविवारात ती कशी उभी करायची आणि मराठवाड्यात कुठे, कधी घालायची

सहा वर्षांपूर्वी मी १९९४ची एमएम ५४० घेतली आणि पहिल्याच महिन्यात एक मोठी चूक केली. ब्रेक, वायरिंग, गिअरबॉक्स, सीट सगळं एकदम उघडलं. दहा डब्यांत नट-बोल्ट, कुठला कशाचा ते लक्षात नाही, आणि गाडी अकरा महिने शेतातल्या शेडमध्ये घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर. तेवढ्या काळात उंदरांनी नवी वायरिंग कुरतडली आणि उघड्या ड्रमांना गंज चढला. शेवटी आमच्या उस्तादांनी, म्हणजे आमच्या जुन्या मिस्त्रींनी, येऊन नियम घालून दिला: शनिवारी जे उघडलं ते रविवारी अंधार पडायच्या आत मिटलं पाहिजे. दोन दिवसांत न मिटणारं काम घरी उघडायचंच नाही, ते गॅरेजला द्यायचं.

हा लेख त्याच हिशेबाने लिहिला आहे. नोकरी, धंदा, शेती सांभाळून ज्यांना जुनी जीप किंवा जिप्सी चालती ठेवायची आहे त्यांच्यासाठी.

१. गाडी कोणती?

आपल्या भागात साधारण तीन पर्याय समोर येतात.

महिंद्राची एमएम ५४०: यात २११२ सीसीचं पुजो डिझेल इंजिन असतं. चालायला मऊ, आवाज कमी, पण थंडीत ग्लो प्लग (इंजिन लागण्याआधी आतून तापवणारे प्लग) नीट नसतील तर सकाळी त्रास देतं. दुसरा पर्याय महिंद्राच्याच एमडीआय इंजिनाच्या जीपा. हे इंजिन २५२३ सीसीचं, ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. खडखडतं, थरथरतं, पण तालुक्याच्या गावी कुठलाही ट्रॅक्टर मिस्त्री त्याला हात घालतो. तिसरी मारुती जिप्सी, १९८५ पासूनची. आधी ९७० सीसी, १९९६ पासून १३०० च्या घरातलं इंजिन, आणि २००० पासून एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोलचं इंजेक्शन. सगळी पेट्रोल.

नवख्याने महिंद्रा डिझेल घ्यावी असं माझं मत आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं काळी-पिवळी जीपा धावल्या, त्यामुळे कमानीची पानं, ब्रेकचे किट, शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस, बेअरिंग अजूनही जालना, बीड, लातूर, नांदेड कुठेही मिळतात. जिप्सी हलकी असते, आणि हलकी गाडी चिखलात कमी रुतते हा तिचा खरा गुण. पण तिचा पत्रा सडतो. घेताना मॅट उचलून तळ बघा आणि बॉडी चेसिसवर जिथे बसते ती ठिकाणं स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. कार्ब्युरेटरवाली असेल तर पेट्रोलचे सगळे जुने रबरी पाइप घेतल्याबरोबर बदला. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने चिरतं, आणि तो पाइप तापलेल्या इंजिनाजवळून जातो.

२. आधी कागद, मग इंजिन

गाडी कितीही आवडली तरी बयाणा देण्याआधी एवढं हातात घेऊन बघा:

- आरसी बुक. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं असते, पुढे दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी प्रत्यक्ष दाखवून नूतनीकरण. मुदत संपली असेल तर उशिराचा दंड महिन्यागणिक चढलेला असतो. तो कोण भरणार हे भाव ठरवतानाच बोलून घ्या.
- पर्यावरण कर भरल्याची पावती.
- चालू विमा, निदान थर्ड पार्टी, आणि पीयूसी.
- विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०, सही केलेले. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र.
- परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी.
- २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीलाही नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे. ती बसली आहे का बघा.

इथे तीन खड्डे आहेत.

पहिला: जुनं हाती लिहिलेलं आरसी बुक खरं असतं, पण त्याची नोंद ऑनलाइन यंत्रणेत झालेलीच नसते. ती नोंद चढल्याशिवाय नावावर होणं, विमा, नंबरप्लेट सगळं अडतं. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून गाडी दिसते का, हे पैसे देण्याआधी बघा. माझ्या गाडीची नोंद नव्हती. एवढ्या एका गोष्टीपायी मी चार रजा घालवल्या.

दुसरा: चेसिस नंबर. कागदावरचा आकडा न् आकडा चेसिसवरच्या ठशाशी जुळवा. ठशावर कागद ठेवून पेन्सिल फिरवा म्हणजे उमटतो. आजूबाजूला वेल्डिंगचे डाग किंवा ताजा रंग दिसला तर तिथून निघा. उत्तरेकडून नव्याने बांधून येणाऱ्या चकचकीत जीपांच्या बाबतीत तर दोनदा बघा. कागद एका गाडीचे, चेसिस दुसरं, इंजिन तिसरंच असा प्रकार होतो. कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय मूळ रचना बदलता येत नाही, आणि असली गाडी नूतनीकरणाला उभी राहत नाही.

तिसरा: लष्करी लिलावातली गाडी. ती चांगली असू शकते, पण लिलावाची कागदपत्रं आणि नंतरची नागरी नोंदणी दोन्ही हवीत. आणि तो लष्करी हिरवा रंग ठेवायचा नाही. ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो, तसा नियमच आहे.

३. गाडी बघायला जाल तेव्हा

मालकाला सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. बॉनेटला हात लावून ते गार असल्याची खात्री करा, कारण आधीच तापवून ठेवलेल्या गाड्या सगळ्याच अर्ध्या सेल्फला लागतात. रेडिएटरचं झाकण गार असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचे थेंब तरंगत असतील किंवा डिपस्टिकवरचं तेल दुधाळ असेल तर हेड गॅसकेटचा खर्च धरून भाव करा.

मग पुढचं चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर हबचं बेअरिंग किंवा किंगपिन. डावी-उजवी बाजू धरून हलवा. खेळ लागला तर टाय रॉड एंड. चाळीस-पन्नासच्या वेगात स्टेअरिंग फडफडू लागतं त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं, आणि विकणारा तुम्हाला चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या एवढंच सांगतो.

फोर-व्हील चालतं का हे मुरमाच्या किंवा मातीच्या रस्त्यावरच बघा. लो गिअर (वेग कमी, ओढ जास्त) गाडी पूर्ण थांबवून टाका. पुढे आणि मागे दोन्हीकडे चालवा. कोरड्या डांबरावर फोर-व्हील कधीच लावू नका. वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांचं अंतर सारखं नसतं, टायर घसरायला जागा नसते, आणि तो सगळा पीळ गिअर अन् शाफ्टवर येतो.

टायरवर चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी पूर्ण आहे म्हणून जुनं टायर चांगलं समजू नका, आपल्या उन्हात रबर दगड होतं.

४. हत्यारं

एकदम मोठी पेटी घेऊ नका. रिंग आणि फिक्स पान्यांचा एकेक सेट, गोटीपाने, पकड, दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, ग्रीस गन, फीलर गेज, मल्टिमीटर आणि डोक्याला बांधायची बत्ती एवढ्यावर माझं पहिलं वर्ष निघालं. एक गोष्ट मात्र चांगलीच घ्या: दोन भक्कम घोड्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. घोडी लावा, उरलेल्या चाकांना दगड लावा, गाडीला एक धक्का देऊन बघा, मगच खाली जा.

आणि मोबाइल. नट सोडण्याआधी फोटो काढायचा. शंभर फोटो झाले तरी चालतील.

५. पहिले सहा शनिवार-रविवार

रंग, रुंद टायर, पुढचा लोखंडी बंपर, छतावरचे दिवे यांना पहिले सहा महिने हात लावू नका. उस्ताद म्हणतात ते तसंच सांगतो: "पहले रुकना चाहिए, फिर ठंडा रहना चाहिए, चलती तो वो वैसे भी है." मी त्याच क्रमाने गेलो.

*पहिला आणि दुसरा: ब्रेक.* चारही चाकांना ड्रम. शनिवारी मागची दोन, रविवारी पुढची दोन असं करू नका. एका आठवड्यात मागची जोडी पूर्ण करा, दुसऱ्यात पुढची. सिलिंडरचे रबरी किट जोडीने बदला. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून जुनं तपकिरी ऑईल पूर्ण काढा. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. एकजण पेडल दाबून धरेल, दुसरा निपल सोडेल आणि घट्ट करेल, मगच पेडल सोडायचं. माझी बारावीतली मुलगी हे काम माझ्याइतकंच चांगलं करते. पुढच्या ड्रममध्ये ग्रीस आलेलं दिसलं तर आधी सील बदला. ग्रीस प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत लावायचे सल्ले मिळतील, ऐकू नका. नवे लावा.

*तिसरा: पाणी आणि गारवा.* मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या पुढे असतो आणि जुन्या गाडीची खरी परीक्षा तेव्हा होते. रेडिएटर काढून बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनची मळणी चालू असते, तेव्हा रस्त्यावरचा भुसा जाळीत असा बसतो की बाहेरून दिसतही नाही. पाणी नेहमी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, समोरून मारलं तर भुसा आणखी आत जातो. प्रेशर जोराचा नको, पाती वाकतात. होज, क्लिपा आणि फॅन बेल्ट नवे. बोअरचं पाणी रेडिएटरला घालू नका, आपल्याकडचं पाणी जड, आतून खळ धरतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर वापरा. "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गार राहील" हा सल्ला प्रत्येक गावात मिळतो. तापण्याचं कारण वेगळंच असतं आणि ते तसंच राहतं. शिवाय इंजिन हिवाळ्यात कधी नीट गरमच होत नाही, झीज वाढते.

*चौथा:* सगळी तेलं. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी), दोन्ही डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधले गोळे). आधी भरण्याचा नट सुटतो का बघा, मगच खालचा सोडा. उलटं केलंत आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर तेल गेलेलं आणि भरायला जागा नाही.

*पाचवा:* वायरिंग. प्रत्येक सर्किटला फ्यूज, अर्थिंगची टोकं घासून घट्ट. बॅटरीला उन्हाळ्यात महिन्याला एकदा पाणी.

*सहावा:* कमानीचे बुश, शॅकल, यू-बोल्ट, आणि शाफ्टचे क्रॉस. ग्रीस निपल मोजा आणि कुठे किती आहेत ते लिहून शेडच्या भिंतीवर लावा. एखादा हमखास विसरतो.

क्लच, गिअरबॉक्स, इंजिनाचं हेड, डिझेल पंप ही कामं दोन दिवसांची नाहीत. ती गॅरेजला द्या, पण जमलं तर शेजारी उभं राहून बघा.

६. हवा धरली तर

डिझेलच्या पाइपात हवा शिरणं हा डिझेल गाडीचा एक आजार तुम्हाला स्वतः बरा करता आलाच पाहिजे, म्हणून वेगळा लिहितो.

गेल्या पावसाळ्यात पाटोद्याकडून सौताड्याला जाताना गाडीने चढावर ओढ सोडली, दोन आचके दिले आणि बंद पडली. सेल्फ मारला तर इंजिन फिरतंय, पण धूरसुद्धा नाही. धूर नाही म्हणजे नोझलपर्यंत, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीपर्यंत, डिझेल पोचतच नाही. फिल्टरवरचा हवा काढायचा ब्लीड स्क्रू दोन आटे सैल केला आणि हातपंप मारू लागलो. डिझेल आलं ते ताकावरच्या फेसासारखं, बारीक बुडबुड्यांचं. पंप मारत राहिलो. पन्नास-साठ वेळा तरी मारला असेल. बुडबुडे मोठे झाले, मग तुरळक, मग स्वच्छ सोनेरी धार आली. धार चालू असतानाच स्क्रू घट्ट केला. नोझलच्या दोन पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारला, डिझेल ठिबकलं तसे आवळले. गाडी लागली.

आणि वीस मिनिटांनी परत बंद पडली. हवा काढली होती, हवा शिरते कुठून ते शोधलं नव्हतं. टाकीकडून येणाऱ्या रबरी तुकड्यावर, बरोबर क्लिपखाली, नखाएवढी चीर होती. तिथून डिझेल गळत नव्हतं, म्हणून दिसत नव्हतं. ओढीने फक्त हवा आत जात होती. चिरलेलं टोक कापलं, पाइप इंचभर पुढे ओढून क्लिप आवळली. तेव्हापासून दोन फूट डिझेल होज आणि चार क्लिपा गाडीतच असतात. नोझलचे नट सैल असताना तोंड आणि हात लांब ठेवा, ती धार कातडीत घुसते.

७. काळी माती आणि वाफसा

बाहेरून येणाऱ्यांना मराठवाडा म्हणजे कोरडा, दगडी मुलूख वाटतो. उन्हाळ्यात जिथे भेगांत पाय जाईल एवढी टणक जमीन असते, तीच पहिल्या मोठ्या पावसानंतर टायरच्या नक्षीत, मडगार्डात, ब्रेक ड्रमच्या पाठीमागे अशी भरते की चाक फिरतं पण धरत नाही. चारही चाकांना जोर आहे म्हणून काही फरक पडत नाही. टायर गुळगुळीत गोळा झालेलं असतं.

शेतकरी पेरायला आणि कोळपायला ज्याची वाट बघतो तो वाफसा, तोच तुमचाही नियम. रस्त्याकडेची मूठभर माती घ्या, दाबून लाडू करा, कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटला तर पुढे जा. चपटा होऊन पडला तर परत फिरा, दोन-तीन दिवस ऊन लागू द्या. मुरमाड माळावर मात्र पाऊस उघडला की तासाभरात चालवता येतं. म्हणून पावसाळ्यात बालाघाटाचं माथ्याचं रान, आणि काळ्या शिवारातले पांदण रस्ते दिवाळीनंतर.

पाझर तलावांची पात्रं मार्च-एप्रिलमध्ये उघडी पडतात आणि सपाट मैदानासारखी दिसतात. वर वाळलेला पापुद्रा, खाली लोण्यासारखा गाळ. आधी चालत जा आणि टाच जोरात आपटून बघा.

रुतलात तर पहिली गोष्ट: ॲक्सिलरेटर सोडा. चाक फिरवत राहिलात की गाडी ॲक्सलवर बसते. टायरची हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांपुढचा गाळ फावड्याने काढा, पुढे बारदाना अंथरा, लो गिअरमध्ये दुसऱ्यावर हळू उचला. जॅक लावायची वेळ आली तर खाली दीड फुटाची जाड बाभळीची फळी हवीच, नाहीतर गाडी वर येण्याऐवजी जॅक खाली जातो.

ट्रॅक्टर आला तर साखळीपेक्षा पट्टा बरा. तो चेसिसच्या हुकाला बांधा, बंपरला नाही. पट्ट्यावर मधोमध ओलं पोतं टाका, तुटला तर झेप कमी घेतो, आणि बघ्यांना लांब उभं करा. ओढणाऱ्या दादांना डिझेलचे पैसे आपणहून द्या. आणि कुणाच्याही पेरलेल्या वावरातून गाडी घालू नका. नुसतं नांगरलेलं असलं तरी आधी विचारा.

८. पाणी ओलांडताना

वाहत्या पाण्यात जायचं नाही. थांबलेल्या पाण्यात आधी पायी जाऊन काठीने तळ बघायचा. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर लो पहिल्यावर, न थांबता, न गिअर बदलता. मध्ये बंद पडली आणि हवेच्या फिल्टरपर्यंत पाणी चढलं असेल तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर आल्यावर थोडं अंतर ब्रेक हलका दाबून चालवा, ड्रम वाळतात.

९. सुरुवातीच्या सहली

पहिल्या चार सहली अशा ठिकाणी करा जिथून पक्का रस्ता पायी तासाभरात गाठता येतो. संभाजीनगरकरांना खुलताबादवरून म्हैसमाळ, बीडकरांना कपिलधार किंवा सौताडा, धाराशिव-लातूरकडच्यांना नळदुर्ग आणि औसा. रस्ता बहुतेक डांबरी, पण घाट आणि ऊन आहे, आणि गाडीचं दुखणं तिथेच कळतं. नंतर कन्नडच्या बाजूचा अजिंठा डोंगर. मात्र गौताळा औट्रमघाट हे अभयारण्य आहे. आत वनखात्याची परवानगी घेऊन, ठरलेल्या रस्त्यानेच जायचं. अंतूर किल्ल्याची वाटसुद्धा जंगलातूनच जाते, तिथेही रस्ता सोडून चाक खाली उतरवायचं नाही.

एकटे जाऊ नका, दोन गाड्या असाव्यात. दुसरी गाडी नसेल तर घरी मार्ग आणि परतायची वेळ लिहून ठेवा.

१०. गाडीत कायम

फॅन बेल्ट, डिझेल फिल्टर, होज आणि क्लिपा, फ्यूज, वायरचा तुकडा, टेप, इंजिन ऑईल, दहा लिटर पाणी वेगळं गाडीसाठी आणि वेगळं पिण्यासाठी. फावडं, फळी, चार बारदाने, पट्टा, तो अडकवायला दोन शॅकल. पंक्चरचा किट आणि हवेचा पंप, कारण वेड्या बाभळीचा काटा जाड टायरमधूनही जातो. कागदांच्या प्रती आणि प्रथमोपचाराची पेटी.

११. परत आल्यावर

रविवारी रात्री कितीही दमलात तरी मडगार्डाच्या आतली आणि चेसिसवरची काळी माती ओली असतानाच धुवा. वाळली की छिन्नीने काढावी लागते, आणि तिच्याखाली ओल धरून पत्रा सडतो. पाण्यातून गेला असाल तर पुढच्या शनिवारी दोन्ही डिफरन्शियलचा वरचा नट काढून बोट घाला. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. ते त्याच दिवशी बदला, ब्रीदरची नळी साफ करा, आणि मगच पुढच्या सहलीचं ठरवा.